परसातली भट्टी आणि घामाचा भाव

(पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत भाताचा भाव, रानडुकरांचा उपद्रव आणि पीकविमा असे तीन विषय आहेत. त्यांवर बोलणारी जाणकार मंडळी इथे बसली आहेत. मला मात्र सांगण्यात आले, की तू परसात भट्टी घातलीस, बायकोला आणि नातीला घेऊन लोखंड ठोकत बसतोस, त्याविषयी दहा-पंधरा मिनिटे बोल. हे ऐकून दोघे-तिघे हसले. त्यांचे चुकले नाही. म्हातारपणी माणसाला काही ना काही छंद लागतो. कोणाला भजनाचा लागतो, कोणाला पत्त्यांचा. मला लोखंडाचा लागला. पण या छंदात एक चूक माझ्या हातून झाली, आणि त्या चुकीने आपल्या चळवळीचा पहिला धडा मला नव्याने शिकवला. तो सांगायला मी उभा आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी या वर्षी कोयता किंवा फाळ लोहाराकडून शेवटून आणला? हात वर करा. चार, पाच... सहा हात. आणि बाजारातून नवा कोयता किती जणांनी आणला? बघा, निम्मी बैठक हात वर करून बसली. मी लहान होतो तेव्हा उलट होते. रोहिणी निघण्याआधी लोहाराच्या भट्टीपुढे फाळांची, कुदळींची रांग लागायची. फाळ झिजला तर पुढे पोलाद चढवून घ्यायचे. कोयता बोथट झाला तर शेवटून घ्यायचा. एक कोयता बाप वापरी आणि मुलगाही वापरी. आता एका पावसाळ्यात कोयत्याचे तोंड वळते, आणि पुढच्या वर्षी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेला दिसतो.

आमच्या वाडीच्या लोहाराची भट्टीही अशीच थंड होत गेली. पोरे मुंबईला गेली. म्हातारे आबा एकटे राहिले. भाता ओढायला कोणी नाही, घण मारायला कोणी नाही. लोहारकाम हे एका माणसाचे काम नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. एकाने सांडशीत लोखंड धरायचे, दुसऱ्याने घण घालायचा, तिसऱ्याने वारा द्यायचा. लोखंड लाल असते ते थोडाच वेळ. तेवढ्या वेळात तीन माणसांचे चित्त एका जागी लागते.

मग आले २०२० साल. मार्चपासून टाळेबंदी. बाजार बंद, गाड्या बंद. मुंबईची माणसे चालत गावाला आली. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि जिल्हा झोडपून गेले. आपल्याकडेही झाडे पडली, पत्रे उडाले, वीज गेली. प्रत्येक घराच्या वाटेवर आंबा नाहीतर फणस आडवा. आणि हातात काय? बोथट कोयते, दांडा सुटलेल्या कुऱ्हाडी. नवे आणायला दुकान उघडे नाही. तेव्हा सगळ्या वाडीला एकदम आठवण झाली, की अरे, आपल्याकडे लोहार आहे.

आबांचे वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "धार लावून देतो, शेवटून देतो, पण माणसं द्या." मी भात्यावर बसलो. माझी नात तेव्हा सातवीत होती, शाळा बंद, तीही आली. माझी बायको घणावर उभी राहिली. लोक बघायला लागले. बाईमाणूस घण घालते! मी म्हटले, का नाही? रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी आपण वर्षानुवर्षे पाहतो. तिथे पुरुष सांडशी धरून बसतो आणि घण त्याची बायकोच घालते. आपण उभे राहून विळा करून घेतो, भावात घासाघीस करतो, पण त्या बाईच्या हातातला घण आपल्याला कधी दिसला नाही. आपल्या घरच्या बाईने उचलला तेव्हा दिसला.

आठवडाभर आबांची भट्टी चालली. वाटा मोकळ्या झाल्या. माझ्या डोक्यात मात्र ते खूळ बसले. मी मुंबईत बरीच वर्षे कारखान्यात काढली, यंत्रावर उभा राहिलो, पण हातातली वस्तू पुरी होताना कधी पाहिली नव्हती. मी आबांना म्हटले, मला शिकवा. ते म्हणाले, "या वयात?" मग नातीकडे बघून म्हणाले, "बरं, बायला घेऊन ये. ती शिकेल, तू बघ."

अशी आमच्या परसात भट्टी आली. तिला काय लागले ते सांगतो, कारण बैठकीनंतर तुम्ही विचारणारच. जमिनीत एक खड्डा, भोवती माती आणि विटा. वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा पंखा आणि लोखंडी नळी. ऐरण म्हणून ट्रकच्या जुन्या आसाचा जाड तुकडा, उभा करून लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेला. भंगारात रुळाचा तुकडा दिसला तर मोह होतो, पण पावतीशिवाय हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा गुन्हा आहे, त्याला १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. दोन हातोडे, एक सांडशी, एक छिन्नी, एक कानस. इंधन म्हणून करवंट्यांचा कोळसा. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही आणि आच चांगली लागते.

आता लोखंड. सळईचा तुकडा दिसायला छान, ठोकायला मऊ, पण त्याला धार राहत नाही. त्यात कार्बन कमी असतो. ट्रकच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर असतो, म्हणून त्याचा कोयता टिकतो. महामार्गावरच्या गॅरेजात तुटके पाटे पडलेले असतात, ते विकत मिळतात. न सांगता ओळखायचे असेल तर सहाणेच्या चाकावर लावून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्या फुटतात, फुलबाजीसारख्या. हे नातीने चार दिवसांत ओळखले. मला महिना लागला.

पोलाद हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आपल्या तालुक्याच्या गावाला पोलादपूर नाव का पडले या वादात मी पडत नाही. पण दक्षिण हिंदुस्थानात मुशीत केलेले पोलाद जुन्या काळी साऱ्या जगात जात होते, आणि इंग्लंडात १८२० च्या सुमारास मायकेल फॅरेडेसारखा शास्त्रज्ञ त्याचे तुकडे घेऊन त्यात काय आहे ते शोधत बसला होता. ते पोलाद करणारा कारागीर शिकलेला नव्हता असे आपण म्हणतो. शिकलेलाच होता. त्याची शाळा भट्टीपुढे भरत होती, एवढेच.

त्या शाळेतला कठीण धडा म्हणजे पाणी देणे. माझा पहिला कोयता मी मोठ्या हौसेने केला. आकार बरा जमला. लाल करून सरळ बादलीत बुडवला. 'टक्' असा आवाज आला. काढून बघतो तर धारेपासून वर बोटभर चीर. दोन दिवसांची मेहनत गेली. आबा हसले नाहीत. म्हणाले, "लोखंडाला घाई चालत नाही." पाट्याचे पोलाद पाण्यात एकदम गार झाले की तडकते, त्याला तेल बरे. आबा पाण्यातच करतात, पण नुसती धार बुडवतात आणि किती श्वास धरायची ते त्यांना ठाऊक. आपल्यासारख्या हौशी माणसाने तेल घ्यावे.

किती तापवायचे, यालाही एक सोपी खूण आहे. पोलाद साधारण ७७० अंशांच्या पुढे गेले की लोहचुंबक त्याला धरत नाही. चुंबक सुटला की अजून थोडे तापवायचे आणि तेलात. मग ते काचेसारखे कडक होते, दगडावर पडले तर तुकडा उडेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचे आणि तापलेल्या जाड पत्र्यावर ठेवून रंग बघायचा. आधी फिकट पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा २२० अंशांच्या आसपास, निळा ३०० च्या. विळ्याला पिवळ्यावर थांबायचे. लाकूड तोडायच्या कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर थांबायचे, म्हणजे गाठीवर घाव बसला तरी धार उडत नाही. माझी दृष्टी आता कमी झाली आहे. रंग नात सांगते, सांडशी मी धरतो.

लहान मुले भट्टीशी असतील तर चार गोष्टी पाळा. डोळ्यांवर चष्मा हवा. अंगात सुती कपडा, नायलॉन नको. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा आगीत घालू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि काळे दिसणारे लोखंड गार आहे असे कधी समजू नका. आमच्या घरी पहिला चटका मलाच बसला, आणि तो लाल लोखंडाचा नव्हता. काळ्या लोखंडाचा होता.

आणखी एक. प्रतापगड आपल्या डोक्यावर, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आपल्याच तालुक्यात. भट्टी दिसली की पोरे विचारतात, आजोबा, तलवार करायची का? मी सांगतो, करायची नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्रांचा कायदा लागतो. शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यातून मोकळीक आहे. आपण कोयता करू, विळा करू, कुदळ करू. गडावर तलवार चालवणाऱ्याचे नाव आपण घेतो. ती घडवणाऱ्या लोहाराचे नाव आपल्याला माहीत नाही. पोरांनी आठवायचेच असेल तर त्याला आठवावे.

आता घरातली गोष्ट सांगतो. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी आहे. दुकानातला विळा, खुरपे, कुदळ कोणाच्या हाताच्या मापाने होते? पुरुषाच्या. आणि भात कोण कापते? नाचणी कोण काढते? भाजीचा वाफा कोण खुरपते? माझ्या बायकोने चाळीस वर्षे जाड मुठीचा विळा धरला. संध्याकाळी मनगट चोळत बसायची. मला वाटायचे, वयाचे दुखणे. घरी भट्टी आल्यावर तिने पहिला हुकूम सोडला, "अहो, मला माझ्या हाताचा विळा करून द्या." मूठ बारीक केली, पाते थोडे आखूड, वजन कमी. त्या वर्षी भात कापून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हलका, दातेरी 'वैभव' विळा काढला, तो चांगलाच आहे. पण आपल्या घरातल्या बाईच्या हाताचे माप घ्यायला विद्यापीठ येणार नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखांनी शेतकरी बाया जमल्या, शेतात राबणारी बाई हीसुद्धा शेतकरीच आहे असे त्यांनी ठणकावून सांगितले. तिला शेतकरी म्हणायचे तर तिच्या हातातले हत्यार तिच्या हाताचे नको का?

आणि मुलगा. तो मुंबईला संगणकावर काम करतो. शिमग्याला, गणपतीला येतो. पूर्वी यायचा, जेवायचा, मोबाइल घेऊन ओटीवर बसायचा. मी काय बोलणार त्याच्याशी? भाताचा भाव त्याला नको, त्याचे काम मला कळत नाही. आता आला की पहिल्यांदा परसात जातो. मी सांडशी धरतो, तो घण घालतो. त्या वेळी बोलायचे नसते. हातोडीने जिथे टिचकी मारू तिथे त्याने घण घालायचा, एवढीच आमची भाषा. पण संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की तो आपणहून बोलू लागतो. बापाकडे शिकवण्यासारखे काही शिल्लक आहे, हे मुलाला कळले म्हणजे घर बदलते, हा माझा अनुभव आहे.

इथपर्यंत सगळे गोड. आता चूक सांगतो.

हात बसला तशी लोकांची वर्दळ सुरू झाली. भाऊ, माझा कोयता बघता का? काका, कुदळीचे टोक वाकले आहे. मला मोठेपणा वाटायला लागला. मी करून द्यायचो, आणि पैसे विचारले की हात हलवून म्हणायचो, "अरे, पैसे कसले घेता? छंद आहे माझा." वाडीत नाव झाले. २०२१ च्या जुलैत पाऊस कोसळला. महाडात तळियेवर, आपल्याकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला, माणसे गेली. घाटाचे रस्ते बंद झाले. तेव्हा वाटांवरची माती उपसायला पहारी आणि टिकाव लागले, आणि मी रात्री जागून टोके काढून दिली. त्याचे पैसे घ्यायचे नव्हतेच. संकटात कोणी पैसे घेत नाही. पण संकट सरले, आणि फुकटचे काम सरले नाही.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर माझी बायको म्हणाली, "आबांच्या भट्टीत महिनाभर विस्तव पडलेला नाही. तुम्ही फुकट देता, मग त्यांच्याकडे कोण जाईल?"

भावांनो, मी खाली बसलो. ज्या माणसाने मला विद्या दिली, त्याच्याच चुलीवर मी पाणी ओतले होते. आणि तेही दानत म्हणून!

आपण इतकी वर्षे काय सांगत आलो? आमच्या मालाला भाव द्या, आम्हाला भीक नको. सरकार काय करते? भाव थोडा चढला की बाहेरचा स्वस्त माल आणून तो पाडते, नाहीतर निर्यात बंद करते. २० जुलै २०२३ ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती उघडायला सप्टेंबर २०२४ उजाडला. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसले आणि डिसेंबरात बंदी आली. लोकांना स्वस्त मिळावे म्हणून केले, असे सांगतात. हेतू चांगलाच सांगतात! पण मरतो कोण? पिकवणारा. मीही तेच केले. वाडीला फुकट मिळावे म्हणून केले. हेतू चांगला होता. मेला कोण? घडवणारा. शेतकऱ्याच्या बाबतीत सरकार जे करते, ते लोहाराच्या बाबतीत मी केले.

आणि मी एकटाच नाही. आबांशी बसून मी एकदा हिशेब केला, आपण भाताचा उत्पादन खर्च काढतो तसा. एका चांगल्या कोयत्याला पाट्याचा तुकडा, कोळसा, मूठ मिळून दोनशे रुपये. दोन माणसांचा अर्धा-अर्धा दिवस, म्हणजे एक रोज. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली. तेवढीच धरली तरी कोयता ५१२ रुपयांना पडतो. यात त्याच्या कसबाचा एक रुपया नाही, भट्टीची झीज नाही, फुटलेल्या नगाचा तोटा नाही. आणि बाजारात पत्र्याचा कोयता दोनशेला मिळतो म्हणून आपण त्याला दोनशेच देऊ करतो. आपण त्याला उत्पादन खर्चसुद्धा देत नाही. जो शेतकरी उत्पादन खर्चावर भाव मागतो, तोच शेतकरी लोहाराच्या दारात व्यापारी होतो.

पूर्वी बलुते होते. खळ्यावर भात मोजून द्यायचे आणि वर्षभर काम करून घ्यायचे. काही जण म्हणतात, ते दिवस चांगले होते. कोणासाठी? बलुतेदाराला किती द्यायचे ते आपण ठरवायचे, आणि त्याच्या मुलाने दुसरे काही करायचे नाही हे जातीने ठरवलेले. ती पद्धत गेली, बरे झाले. पण तिच्या जागी आपण काय आणले? बलुते बंद केले आणि भावही दिला नाही. मग पोरे मुंबईला गेली तर त्यांना दोष कसला?

आता एक जण मला विचारील, की मग ज्याचे काम त्याने करावे, तू कशाला भट्टी घातलीस? हा प्रश्न आमच्या भावकीतही निघाला. शेतकऱ्याने लोहाराचे काम करायचे का, असे एका वडीलधाऱ्याने विचारले. त्यांना मी एवढेच म्हटले, की आपण महाडच्या शेजारचे लोक आहोत. तळ्याचे पाणी सगळ्यांचे आहे हे सांगायला २० मार्च १९२७ ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. विद्या ही तळ्यासारखीच आहे. ती जातीच्या कुंपणात ठेवायची नाही. माझ्या नातीला घण उचलावासा वाटला तर तिने उचलावा. लोहाराच्या नातीला डॉक्टर व्हावेसे वाटले तर तिने व्हावे. पण विद्या सगळ्यांची आणि मजुरी ज्याच्या त्याच्या घामाची, हे दोन्ही एकदम धरले पाहिजे. विद्या घेतली आणि घामाचा मोबदला बुडवला, तर ती चोरी होते.

म्हणून आमच्या घरात आम्ही तीन नियम केले. पहिला, परसातल्या भट्टीत आपल्याच घरची हत्यारे. दुसऱ्याचे काम आले की आबांकडे पाठवायचे. दुसरा, आबांकडे काम असेल तेव्हा आपण भाता ओढायला, घण घालायला जायचे, पण ठोकलेल्या हत्याराचा भाव आबा सांगतील तो, आणि त्यात घासाघीस करणाऱ्याला आपण समजावायचे. तिसरा, शिकवण्याचे पैसे. आबा नको म्हणाले. मी म्हटले, मुलाच्या शिकवणीला आपण फी देतो, मग ही शिकवणी नाही का? दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि खंडेनवमीला मानाचे. त्या दिवशी आम्ही आधी हत्यारांची पूजा करतो, मग नात आबांच्या पाया पडते.

सरकारचीही योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. ज्या लोहारबांधवांनी नाव घातले नसेल त्यांनी चौकशी करावी. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांना कागदपत्रांत मदत करावी. पण कर्जाने धंदा उभा राहत नाही, भावाने राहतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? कर्ज घेऊन घडवलेला कोयता कोणी पाचशेला घेतला नाही, तर त्या लोहाराची गत आपल्यासारखीच होणार.

आणि शाळा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञ माणूस, पण खेड्यात जाऊन राहिला. तिथे मुले हाताने काम करता करता शिकतात. लोखंडकाम, सुतारकाम, शेती, वीज, सगळे. पुढे तो अभ्यासक्रम इतर शाळांतही गेला. आपल्या भागातल्या शाळेत आठवड्याला एक तास लोहाराला गुरुजी म्हणून बोलवायला काय हरकत आहे? त्याला मानधन द्यावे आणि खुर्ची द्यावी. मुलांना एक दिवस कळू द्या, की चुंबक सुटतो त्या रंगाला पदार्थविज्ञान म्हणतात, आणि ते आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्याला पुस्तकाशिवाय येते.

मागच्या उन्हाळ्यात आबांचा मुंबईचा नातू सुटीला आला होता. आमच्या परसात येऊन उभा राहिला. माझी नात घण घालत होती. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे आमचं काम आहे ना?" नातीने घण त्याच्या हातात दिला. पहिला घाव ऐरणीवर पडला, दुसरा लोखंडावर. आबा बाजूला बसले होते. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भट्टीतून धूर निघालेला मी पाहिला. काम नव्हते कोणाचे. नातवाला शिकवत होते.

तो पोरगा लोहार होईल की नाही, मला ठाऊक नाही. त्याने व्हावेच असे माझे म्हणणे नाही. व्हायचे ठरवलेच, तर त्याला पोटापुरता भाव मिळाला पाहिजे, आणि तो भाव मुंबई-दिल्लीला ठरत नाही. तो आपल्या दारात ठरतो.

म्हणून शेवटी एवढेच मागतो. हौस असेल त्याने घरी भट्टी घालावी, बायकोमुलांना बरोबर घ्यावे, आनंद मोठा आहे. नसेल त्याने या पेरणीआधी घरातली बोथट हत्यारे गोळा करून आपल्या भागातल्या लोहाराकडे न्यावीत. तो भाव सांगेल. तो ऐकून आपल्या भाताची पट्टी आठवावी, आणि न घासता द्यावा. आपण सरकारकडे जे मागतो, ते द्यायची सुरुवात आपल्या वाडीतून होऊ द्या.

एवढे बोलून मी थांबतो. आता भाताच्या भावाचा विषय घ्या.